ओला आवाज

धाकट्याला सहसा किळस येत नसे. त्याचा धंदाच तसा होता. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे त्याच्याकडे यायचे, कधी नीट न धुतलेले, कधी कुणाच्या न्याहारीचा कण अडकलेले, आणि त्यांवरून तो कवळ्या बनवायचा. एका हातात साचा आणि दुसऱ्या हातात बिस्किट, असा त्याचा खाक्या. बायको म्हणायची, "तुम्हाला नाक दिलंय ते फक्त चष्मा टेकायला." असा हा माणूस एका रविवारी भर दुपारी मेळाव्यातून उठला, बाहेर गेला आणि भिंतीला धरून भडाभडा ओकला.

मेळावा होता घरी स्पीकर बनवणाऱ्यांचा. दुकानातला आयता स्पीकर आणणं म्हणजे या मंडळींना हॉटेलात जाऊन पाणी पिण्यासारखं वाटायचं. लाकूड स्वतः कापायचं, पेटी स्वतः जोडायची, तारा स्वतः डाग देऊन चिकटवायच्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका क्रीडा मंडळाच्या हॉलमध्ये जमून आपापल्या पेट्या एकमेकांना ऐकवायच्या. जो तो आपापली पेटी छातीशी कवटाळून आणायचा, जणू पोराला पहिल्यांदा शाळेत सोडायला आणलंय.

धाकट्याला या नादाला लावलं ते दाजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने. तो घरातलं शेंडेफळ, म्हणून ताई त्याला धाकट्या म्हणायची. दाजींनी तेच नाव मेळाव्यात नेलं आणि पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला सगळे धाकटा म्हणू लागले. दाजी लिफ्ट तपासणारे अधिकारी होते, आता निवृत्त. ज्या लिफ्टच्या कागदावर त्यांची सही असे तिच्यात लोक डोळे मिटून चढत. तेच त्यांचं स्पीकरच्या बाबतीत. एक खिळा वाकडा गेला तर पूर्ण फळी बदलायचे. आणि ध्वनिमुद्रणाचंही वेड त्यांना. चांगले माइक जमवले होते. एकदा मुद्रित केलेलं कधी कापायचं नाही, जोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. "कात्री लावली की आवाज मेला," असं म्हणायचे.

ताई खेळाची शिक्षिका होती. तिला शिट्टी लागायची नाही. मैदानाच्या एका टोकावरून तिने हाक मारली की दुसऱ्या टोकाची पोरं जागच्या जागी थिजायची. घरातही ती बोलली की खालच्या मजल्यावरचे लोक उत्तर देतात, अशी चेष्टा चालायची. त्या ताईला मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. नुसती गेली असती तर एक वेळ ठीक होतं. ती अर्धवट गेली. शब्द आत तयार असायचा, तोंडापर्यंत यायचा आणि ओठांत अडकून बसायचा. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी दाजींना सांगितलं, रोज तिचं बोलणं मुद्रित करून ठेवा, म्हणजे सुधारणा कळेल.

दाजींनी तिचं सगळं केलं. आंघोळ घातली, भरवलं, केस विंचरले. नातेवाईकांत बोलबाला झाला की नवरा असावा तर असा. धाकट्याने स्वतः हे दहा ठिकाणी सांगितलं होतं, जरा अभिमानानेच, जणू दाजी त्यानेच बनवले होते. हळूहळू ताई काठी घेऊन चालू लागली, छोटी छोटी वाक्यं बोलू लागली. या सगळ्या धावपळीत धाकट्याचं मेळाव्याला जाणं राहून गेलं. दाजी मात्र एकही चुकवत नव्हते. ताईच म्हणायची, "जा. डोकं... मोकळं होईल."

त्या रविवारी धाकटा खूप महिन्यांनी गेला, कारण त्याचे नवे स्पीकर पुरे झाले होते. उरल्यासुरल्या प्लायवुडचे होते, दिसायला साधे, पण समोरच्या गोल कडा त्याने कवळ्यांना चकाकी आणायच्या चाकावर घासून आरशासारख्या केल्या होत्या. दाजींना घेऊन, पेट्या मागे टाकून तो गाडीने निघाला तेव्हा खुशीत होता.

हॉलमध्ये टेबल टेनिसची टेबलं भिंतीला सरकवलेली होती. आवाज घुमू नये म्हणून एका सभासदाने, त्याचं पडद्यांचं दुकान होतं, जाड मखमली पडदे चारी बाजूंनी लावून टाकले होते. त्या पडद्यांना गोदामाचा कुबट वास. त्यात सरस, पॉलिश, उकडलेल्या अंड्यांचे सँडविच आणि बूट काढून बसलेल्या वीस-पंचवीस पुरुषांचे मोजे. खिडक्या बंद. धाकट्याला काही वाटलं नाही. उलट त्याने सँडविच उचललं.

मेळाव्याचे म्होरके होते मास्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक. आवाजाला विशेषणं लावायची त्यांची हातोटी होती. कुणाचा आवाज कोरडा, कुणाचा पिठूळ, कुणाचा मागच्या बाकावरचा. सगळ्यांत वरची पदवी म्हणजे 'ओला'. मास्तरांनी मान हलवून "ओला आहे हं" म्हटलं की बनवणारा घरी जाऊन चार दिवस बायकोला तेच सांगायचा.

धाकट्याची पाळी आली. त्याने पेट्या मांडल्या, तारा जोडल्या, आपलाच अँप्लिफायर शेजारी स्टुलावर ठेवला आणि त्याला लागून खुर्ची घेतली. एक सतार झाली, एक पियानो झाला. माना हलल्या. जनावरांचे एक डॉक्टर होते, त्यांनी दोन वेळा "अस्सं" म्हटलं. मास्तर काही बोलेनात.

"आता 'पाणी' लावा," पडदेवाला म्हणाला.

"हां, 'पाणी' लावा," आणखी चार-पाच जण म्हणाले.

धाकट्याला वाटलं ओढ्याबिढ्याचा आवाज असेल. स्पीकरवाल्यांना असली खुळं असतात; पाऊस, रेल्वे, फुटणारी काच.

"आज राहू दे," दाजी म्हणाले. "उशीर होतोय."

"दाजी, तुम्हीच असं म्हणायचं?" मास्तर म्हणाले. "तुमच्याइतकं माणसाचं तोंड कुणी टिपलंय का? पेटीची खरी परीक्षा तिथेच."

"माझ्याकडे आहे की," पडदेवाला म्हणाला आणि त्याने फोन काढून तारेला जोडलासुद्धा. नंतर कळलं, बहुतेक सगळ्यांकडे ते होतं.

आधी नुसती खोली ऐकू आली. कुठल्याशा घड्याळाची टिकटिक. मग ओठ सुटल्याचा आवाज, चिकटलेला कागद सुटावा तसा. मग श्वास. धाकट्याने त्या श्वासावरच ओळखलं. लहानपणी एका खोलीत झोपलेल्या भावंडांना एकमेकांचा श्वास ओळखायला शब्द लागत नाहीत.

"प..." ताई म्हणाली. "प... प..."

त्याच्याच दोन पेट्यांच्या मधोमध ती बसली होती. हात लांब केला तर गुडघ्याला लागेल इतकी जवळ. जीभ टाळूला लागून निसटत होती, थुंकी आत ओढली जात होती, कोरडा आवंढा गिळला जात होता. धाकट्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. डॉक्टर बोटाने ताल धरल्यासारखे मांडीवर टिचक्या मारत होते. एका जाड्याभरड्या गृहस्थाचं तोंड उघडं पडलं होतं, दातात अंड्याचा पिवळा बलक, आणि त्याचे ओठ ताईबरोबर 'प' करत होते.

"लाळ ऐका," पडदेवाला शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला. "जिभेखालची. वेगळी कळते."

"पा... णी," ताई म्हणाली.

खोलीभर एक सुस्कारा उमटला. मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "ओला. अगदी ओला."

नेहमी ते इथेच बंद करत असावेत, कारण माणसं हलली, कुणीतरी बशीकडे हात नेला. दाजी खुर्चीतून उठून अँप्लिफायरच्या बटणाकडे आले. धाकट्याने बटणावर आपला पंजा ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.

"धाकट्या, पुढे काही नाहीये."

"मग चालू दे की."

पुढे होतं. "पाणी," ताई पुन्हा म्हणाली, या वेळी न अडखळता. थोडं थांबून पुन्हा, "पाणी." मग पुन्हा. शब्द आता इतका स्वच्छ होता की दाराबाहेरच्या माणसालाही कळला असता. घड्याळ चालू होतं. खुर्ची सरकली नाही. पेला उचलल्याचा आवाज नाही, पाऊल नाही. त्या पेट्यांतून एवढं सगळं ऐकू येत होतं की जे झालं नाही तेसुद्धा ऐकू येत होतं.

मग अगदी जवळून, हळुवार, एका पुरुषाचा आवाज आला. "छान. अजून एकदा. तोंड इकडे कर, माइककडे."

"पाणी..." आणि ती रडू लागली. त्या रडण्याला धड आकार नव्हता, अर्धं तोंड साथ देत नव्हतं.

"रडू नको गं," दाजींचा आवाज म्हणाला, तसाच हळुवार. "रडलीस की आवाज फुटतो."

तिने नाक ओढलं. मग पुन्हा, शिकवल्यासारखं, माइककडे तोंड करून म्हणाली, "पाणी." तिथे मुद्रण संपलं.

काहींनी डोळे उघडले आणि जमिनीकडे पाहिलं. पडदेवाल्याने फोनची तार काढली.

"एवढं पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. मग त्याला राहवेना. "पण मागचं घड्याळ काय स्पष्ट आलं."

तेव्हा धाकटा उठला.

मास्तर मागोमाग बाहेर आले. धाकटा नळावर तोंड धूत होता. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवला तसा त्याने खांदा झटकला.

"तुमची बहीण आहे हे माहीत नव्हतं हो," मास्तर म्हणाले. "दाजी म्हणाले होते, नात्यातली एक पेशंट आहे, तिची हरकत नाही."

"पेशंट आहे हे माहीत होतं ना?"

मास्तरांनी खाली पाहिलं. धाकट्याला त्यांच्या मिशीत अडकलेला पावाचा कण दिसला आणि तो पुन्हा नळाकडे वळला.

परत येताना दाजी नेहमीसारखे पुढच्या सीटवर बसले. त्यांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली. ती कवळीवर टिकटिक आपटत होती. कवळी धाकट्याने स्वतः बनवून दिलेली, जीव ओतून, मापात केसभर चूक नाही. त्याने काच खाली केली.

वाटेत दाजी म्हणाले, "त्या बाईंनीच सांगितलं होतं. मागेल ते लगेच हातात देऊ नका, शब्द पुरा होऊ द्या."

"शब्द पुरा झाला होता."

"एकदा जमणं वेगळं आणि ते घटवणं..."

"दाजी, 'आवाज फुटतो' म्हणालात तुम्ही."

दाजींनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "फुटत होता," ते म्हणाले.

सिग्नलला गाडी थांबली. दाजी समोर बघत बोलू लागले, शांतपणे, समजावल्यासारखं. "तू स्वतः बनवतोस, तुला तरी कळायला हवं. आयुष्यभर तिचा आवाज मोठाच ऐकला मी. मैदानावरचा. घरात शिरताना मी आधी कानोसा घ्यायचो. आणि त्या दिवसांत... इतका जवळचा, इतका बारीक आवाज. तिच्यात असा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं हा जपला पाहिजे. आता बघ, बरी होतेय. तो गेलाच."

शेवटचं वाक्य त्यांनी हळहळून म्हटलं. धाकट्याला सगळ्यात जास्त शिसारी आली ती त्या हळहळीची. दाजी रागावले असते, खोटं बोलले असते तर माणूस कळला असता.

"तिला सांगू नकोस," घराखाली गाडी लागल्यावर दाजी म्हणाले. "उगाच मनाला लावून घेईल."

"सांगणार," धाकटा म्हणाला.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हाताने मटार सोलत होती. शेंगा दाताने फोडायच्या आणि दाणे बोटाने ओरबाडायचे, अशी तिने नवी रीत काढली होती. निम्मे दाणे जमिनीवर होते. "आवड... ले का लोकांना?" तिने भावाला विचारलं.

"ताई, दाजींनी तुझा आवाज तिथे लावला. आजारातला. तू पाणी मागतेस तो."

"अगं, व्यायामाचा गं," दाजी घाईने म्हणाले. "बाईंनी सांगितलेला."

ताईने एक शेंग हातात तशीच धरली. मग ती दाजींना म्हणाली, "लावा."

"आत्ता कशाला? दमली असशील."

"लावा."

बाहेरच्या खोलीत दाजींचे स्वतःचे स्पीकर होते, माणसाच्या छातीइतके उंच. ताई काठी टेकत येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागली, तर दाजी म्हणाले, "तिथे नको. इथे मधे बस, इथून नीट ऐकू येतं." आणि त्यांनी खुर्ची उचलून बरोबर मधोमध ठेवली, जरा मागे-पुढे करून पाहिली. आवाज किती ठेवायचा ते बटण त्यांनी दोनदा सारखं केलं. धाकट्याने हे पाहिलं आणि त्याला वाटलं आपण या माणसाचा हात मोडू. पण तो भिंतीला टेकून उभाच राहिला.

ताईने सगळं ऐकलं. स्वतःचे ओठ सुटताना ऐकले, स्वतःला रडताना ऐकलं. चेहरा हलला नाही. अर्धा तसाही हलत नव्हता. संपल्यावर ती बराच वेळ शब्द जुळवत होती. दोघांपैकी कुणी मदत केली नाही.

"मला वाटलं," ती म्हणाली, "मला नीट... म्हणता येत नाहीये." मग थांबली. "दिवसभर वाटलं. रात्रीपण. मी... बोलते आणि कळत नाही. वेड लागेल... असं वाटलं." ती दाजींकडे वळली. "तुला कळत होतं."

चाळीसेक वर्षांच्या संसारात ताईने नवऱ्याला 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती. दाजी धाकट्याकडे बघून ओशाळं हसले. "सर्वनामं अजून चुकतात तिची. बाई म्हणाल्यात, वेळ लागेल."

"चु... कलं नाही," ताई म्हणाली. "तू उठला नाहीस."

ती उठली. आत जाऊन तिने पिशवीत दोन साड्या, गोळ्या आणि मजबूत तळव्याचे बूट भरले, आणि धाकट्याच्या गाडीत मागच्या सीटवर, त्याच्या पेट्यांशेजारी अंग चोरून बसली. घरी पोचल्यावर धाकट्याच्या बायकोने ताईचं अंथरूण घातलं. रात्री तिने त्याला विचारलं. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी त्या माणसाच्या पाया पडायचे."

दाजी फोन करत. ताई घेत नसे. मग ते एकदा आले, हातात तिची विसरलेली शाल. धाकट्याने ती दारातच घेतली आणि त्यांना आत या म्हटलं नाही. शालीला दाजींच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता. बायकोने ती ताईला देण्याआधी दोनदा धुतली.

धाकट्याने एक काम हाती घेतलं. मेळाव्यातल्या एकेकाला गाठून ते मुद्रण पुसून टाकायला सांगायचं. मास्तरांनी त्याच्यासमोर पुसलं आणि कपाळाला हात लावून बसले. डॉक्टर म्हणाले, मी कधीच पुसलंय, आणि ते फोन दाखवायला तयार होईनात. जाड्याभरड्या गृहस्थांनी विचारलं, "पण त्यात वाईट काय आहे? आम्ही तर कौतुकच करायचो." हे त्यांनी अगदी निर्मळपणे विचारलं. प्रत्येक घरातून बाहेर पडल्यावर त्याला हात धुवावेसे वाटत. साचे हाताळताना कधी वाटलं नव्हतं.

पडदेवाला तेवढा राहिला होता. त्याचं नाव निघालं तेव्हा ताई म्हणाली, "मी येते."

"तू कशाला? त्या माणसाचं तोंड बघण्यासारखं नाहीये."

"त्याने माझं... बघितलंय," ताई म्हणाली. "आतून."

दुकानात छतापासून जमिनीपर्यंत कापडं लटकत होती आणि तोच कुबट वास होता. पडदेवाल्याने धाकट्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. ताईकडे मात्र त्याने गिऱ्हाईक म्हणून पाहिलं, खुर्ची पुढे केली, "बसा ना ताई," म्हणाला.

"बसत नाही," ताई म्हणाली. "ते... पुसा."

दोनच शब्द. पडदेवाल्याने चमकून वर पाहिलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते धाकटा पुढे कितीतरी दिवस विसरू शकला नाही. तो खूश झाला. खरोखर खूश झाला. एखाद्या आवडत्या गायिकेने अचानक दुकानात पाऊल ठेवावं तसे त्याचे डोळे चमकले.

"तुम्हीच का त्या?" तो म्हणाला. "आवाजावरून लगेच ओळखलं. अहो, मी तर रोज... म्हणजे, नवीन काही बनवलं की पहिल्यांदा तुम्हालाच लावतो." आतल्या दाराकडे वळून त्याने हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. बघ कोण आलंय."

धाकट्याने काउंटरवरून हात घालून त्याची कॉलर धरली. ताईने काठी मधे घातली आणि भावाला मागे सारलं.

आतून पडदेवाल्याची बायको ओला हात पुसत आली. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एक शब्द तिच्या तोंडात अडकला होता. ओठ हलत होते, थुंकी आत ओढली जात होती. पडदेवाला मान पुढे करून ऐकत होता. त्याला स्वतःलाही कळत नसावं, पण तो ऐकत होता, तसाच. त्याच्या बायकोने आधी नवऱ्याचं तोंड पाहिलं, मग ताईचं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"यांच्या फोनमध्ये माझं... रडणं आहे," ताई तिला म्हणाली. "ते पुसायला आले."

बायकोने नवऱ्याच्या पुढ्यातला फोन उचलला, त्याच्यापुढे धरला, आणि त्याने बोट लावून ते पुसेपर्यंत धरून ठेवला. मग म्हणाली, "आत कपाटातल्या मशीनवरचं पण." तो आत गेला. ती त्याच्या मागे गेली. थोड्या वेळाने ती एकटीच बाहेर आली. "झालं," म्हणाली. "मला वाटायचं हे कुठलंतरी नाटक ऐकतात." तिची नजर वर होत नव्हती.

"अजून कुणाला दिलंय?" धाकट्याने आतल्या दाराकडे बघून मोठ्याने विचारलं.

आतून उत्तर आलं, "आता काय सांगू? पुढे गेलंय कुठे कुठे."

फुटपाथवर ताई थांबली. धाकट्याला वाटलं ती रडणार. तिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "घरी सोड."

"चल, बायको वाट बघत असेल."

"माझ्या घरी."

धाकटा गाडीच्या दाराशी उभाच राहिला. "ताई, तिथे ते आहेत. तुला त्यांच्या हातचं जेवण घशाखाली कसं उतरेल? मला तर त्यांचं नाव काढलं तरी..."

"तुला किळस येते," ताई म्हणाली. "मलाही येते. पण घर... माझं आहे. मी का जाऊ?" एवढं सलग ती झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलली होती आणि दमून गाडीला टेकली.

जिना चढायला वेळ लागला. दार दाजींनी उघडलं. ते खंगले होते, दाढी वाढली होती, आणि ताईला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "आलीस," ते म्हणाले. त्यांनी काठी घ्यायला हात पुढे केला. ताईने काठी दिली नाही. ती त्यांच्या बाजूने आत गेली. बाहेरच्या खोलीत ते छातीइतके उंच स्पीकर होते तिथेच होते आणि मधोमध ती खुर्ची अजून तशीच होती. दाजी रोज तिथे बसत असणार, काय ऐकत असणार ते विचारायची गरज नव्हती.

"हे सगळं काढ," ताई म्हणाली. "मा... माइकपण. उद्या माणसं बोलव. आणि तू मागच्या खोलीत झोप."

"बरं," दाजी म्हणाले.

"माझं मला... करता येतं. बाई येतील. तू मला हात लावायचा नाहीस."

"बरं."

धाकटा उंबऱ्याबाहेर उभा होता. दाजींनी त्याला विचारलं, "चहा घेशील?" त्यांचा आवाज अगदी मवाळ होता, त्या मुद्रणातल्यासारखाच. धाकट्याने मान हलवून नको म्हटलं आणि तो ताईला म्हणाला, "काही लागलं तर फोन कर. नुसती रिंग दिलीस तरी येईन."

"बोलेन," ताई म्हणाली. "रिंग कशाला?"

तो अर्धा जिना उतरला असेल, तेव्हा वरून तिचा आवाज आला. दाजींना काहीतरी सांगत होती. शब्द कळला नाही, पण आवाज मोठा होता, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून वर पाहिलं.